एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद

१. झाकण

आशूर अकांनी कढईवरचं झाकण उचललं, वाफ ओसरू दिली, झाऱ्याने तळापासून थोडा भात वर काढला आणि तोंडात न घालताच परत ठेवून दिला.

"पलाव गेला," ते म्हणाले.

अंगणात चाळीस माणसं दस्तरखानाभोवती, म्हणजे जेवणासाठी पसरलेल्या कापडाभोवती, बसली होती. त्यांच्यापर्यंत करपल्याचा वास पोचलाच होता, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. कढईपाशी महलियो उभी होती, हातात टोमॅटो-कांद्याच्या कोशिंबिरीचं घमेलं. ते खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"याला पलाव नाही म्हणत पोरी. आजाऱ्याला घालतात तो गुरगुट्या भात म्हणतात. आणि खाली बघ, कोळसा." अकांनी झारा पुसला आणि आपल्या कमरपट्ट्यात खोचला. "झारा माझ्याकडेच राहील. रविवारी पलीकडच्या महल्ल्यातून आचारी बोलवू."

हे शेवटचं वाक्य सगळ्यांनाच झोंबलं. समरकंदच्या त्या महल्ल्याने आजवर कधी बाहेरचा आचारी बोलवला नव्हता. रविवारी आशूर अकांच्या नातीचं लग्न. तीस वर्षं महल्ल्याच्या प्रत्येक लग्नाची कढई त्यांच्याच हाताखाली शिजली होती, पण स्वतःच्या नातीच्या लग्नात आजोबांनी दारात उभं राहून पाहुण्यांना सामोरं जायचं असतं, धुरात उभं राहायचं नसतं. म्हणून झारा दुसऱ्या कोणाला तरी द्यायचा होता. तो महलियोने, महल्ल्यातल्याच एका सुनेने, मागितला. घरात बाईने हवं ते रांधावं, पण लग्नाची कढई पुरुषाची, अशी तिथली रीत. तरी वडीलधाऱ्यांनी बराच खल करून गुरुवारचा दिवस परीक्षेला दिला होता. आज तो गुरुवार होता.

"मी पंचवीस मिनिटं लावली होती," महलियो हळूच म्हणाली. "टायमर वाजलाच नाही."

"तू लावलाच नसशील."

"लावला होता, अका."

चाळीस माणसांत एक बाई हे बोलणं ऐकून उठून उभी राहिली. रुखसोराबाई. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, निम्मा महल्ला त्यांच्या हातचे फटके खाऊन मोठा झाला, त्यामुळे निवृत्तीनंतरही सगळे त्यांना बाईच म्हणत. तो टायमर त्यांचा होता. महलियोला तो त्यांनीच दिला होता आणि वर छातीठोकपणे सांगितलं होतं, "डोळे झाकून भरवसा ठेव."

"टायमर कुठे आहे?" रुखसोराबाईंनी विचारलं.

महलियोने चुलीशेजारच्या विटांच्या पायरीकडे बोट दाखवलं. पायरी रिकामी होती.

तो सापडला तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या. चुलीमागच्या भिंतीत, पुरुषभर उंचीच्याही वर एक कोनाडा होता. त्या कोनाड्यात तो शांत पडला होता, पडदा आभाळाकडे. रुखसोराबाईंनी स्टूल आणवलं, वर चढून बघितलं. पडद्यावर आकडे गोठलेले होते. एकोणीस मिनिटं, चाळीस सेकंद.

२. पहिला संशयित

पहिला संशयित बोलू शकत नव्हता. बाईंनी त्याला घरी नेलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं.

हा टायमर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, मीरफय्याझने बनवला होता. शहराबाहेर त्याचं छोटं वर्कशॉप. महिन्यापूर्वी तो आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही मला कधी दहापैकी सातच्या वर दिले नाहीत. आता याला द्या." बाईंनी वही उघडली आणि तीन आठवडे त्या यंत्राचा छळ मांडला. अंडी उकडली, रवा भाजला, वाफेवर धरला, पिठात लोळवला, ओल्या हाताने हाताळला, आणि प्रत्येक वेळी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं.

टायमर गोल होता, तळहातापेक्षा थोडा मोठा. रंग भाजलेल्या नानाचा, कारण मीरफय्याझचं म्हणणं, आपल्या स्वयंपाकघरात काळं चकचकीत काही बरं दिसत नाही. पडदा मधोमध, त्याच्याभोवती आवाजासाठी बारीक भोकांचं रिंगण. पाठ सपाट, कोरी. मिनिटं लावायची आणि टायमर पालथा घालायचा की मोजणी सुरू. उताणा केला की बंद. आचाऱ्याच्या तेलकट हातांनी बटणं दाबावी लागू नयेत म्हणून ही युक्ती होती, आणि बाईंनी तिला दहापैकी नऊ दिले होते. आयुष्यात त्यांनी दिलेले ते पहिले नऊ.

वहीत लिहिलं होतं: "वेळ अचूक. आवाज तीन घरं ओलांडून जातो. तोटा एकच: किती वेळ उरला ते बघायचं तर उताणा करावा लागतो, आणि उताणा केला की थांबतो."

या तोट्यावर त्या थांबल्या. महलियोने मध्येच बघायला तो उचलला असेल आणि पालथा घालायला विसरली असेल तर? मग चूक तिची होती. आणि मग रविवारचा झारा गेला तो कायमचा.

त्यांनी पंचवीस मिनिटं लावली, टायमर पालथा घातला आणि समोर बसून राहिल्या. बरोबर पंचवीस मिनिटांनी तो असा किंचाळला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. यंत्र निर्दोष होतं.

बाईंनी वहीत गणित मांडलं. पंचवीसमधून एकोणीस-चाळीस गेले, उरली पाच मिनिटं वीस सेकंद. दुपारची अजान संपली तेव्हा महलियोने कढईवर झाकण घातलं, टायमर पालथा घातला आणि ती भिंतीपलीकडे नळावर कोशिंबीर चिरायला गेली. पाच मिनिटं वीस सेकंदांनी कोणीतरी टायमर उचलला. उताणा केला. आणि कोनाड्यात ठेवला.

त्या कोनाड्यामुळे बाईंची झोप उडाली.

३. आशूर अका

शुक्रवारी सकाळी त्या आशूर अकांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. अकांनी रीतीप्रमाणे चहा तीनदा किटलीत परत ओतला आणि मग अर्धा पियाला भरून पुढे केला.

"चौकशीला आलात होय बाई?" ते म्हणाले. "काढा वही. लिहा, म्हाताऱ्याने पोरीचा टायमर बंद केला."

"केलात का?"

"तुम्ही शाळेत असंच विचारायचात. नाही केला." अका हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "यंत्राची मला काय भीती? तीस वर्षं मी झाकणाखालचा दम नाकाने मोजला. वाफेचा वास बदलतो बघा, जिऱ्याचा वास मागे पडतो आणि भाताचा पुढे येतो. तेव्हा झाकण काढायचं. यंत्राला नाक आहे का?"

"तुम्ही काल कुठे होतात?"

"तुतीच्या झाडाखालच्या ओट्यावर. कढईपासून दहा पावलांवर."

"मग तुमच्या नाकाला वास आला असेल."

अकांनी पियाला खाली ठेवला. किटलीचं झाकण काढून पुन्हा बसवलं. "दुसऱ्याच्या कढईत आचारी हात घालत नाही, बाई. तोंडही घालत नाही. ही आमच्या धंद्याची रीत आहे."

"मी वासाचं विचारलं."

"तुमचा चहा निवला," अका म्हणाले आणि पियाला बदलायला हात पुढे केला. वरच्या फळीवर दुसरा पियाला होता. त्यांनी उजवा हात उचलला, तो खांद्यापाशी अडकला. ओठ दाबून त्यांनी नातीला हाक मारली. तीस वर्षं मणामणाचा भात परतून त्यांचे दोन्ही खांदे आखडले होते आणि ही गोष्ट महल्ल्यात सगळ्यांना माहीत होती.

नात आली आणि तिने पियाला काढून दिला. बाईंना वहीत काही लिहावं लागलं नाही. या हातांनी कोनाड्यात काहीही ठेवलं गेलेलं नव्हतं. पण अका काहीतरी लपवत होते, आणि ते काय असेल याचा बाईंना थोडा अंदाज आला होता.

४. कुमरी खोला

महलियोची सासू, जिला सगळे कुमरी खोला म्हणजे कुमरी मावशी म्हणत, दारातच म्हणाली, "माझ्यावर संशय आहे ना? असू दे. तुमच्या जागी मी असते तर मीही घेतला असता."

ठेंगणी, गोल, तोंडाची तिखट बाई. सुनेच्या हातचा झारा अंगणाबाहेर जाऊ नये असं ती चारचौघांत म्हणाली होती, तेही दोनदा.

"म्हटलं होतं मी. का म्हटलं ते विचारलंत का कोणी?" तिने बाईंना बसायला सांगितलं, गोल, जाड नानांची टोपली पुढे सरकवली. टोपलीतला एक नान पालथा पडला होता, तो तिने बोलता बोलता उताणा केला. पालथा नान तिथे कोणी राहू देत नाही; त्यासाठी तिला खाली बघावंही लागलं नाही. "मी पण रांधायची, बाई. माझ्या माहेरी माझ्या पलावाला अख्खी गल्ली यायची. इथे आले आणि सासऱ्यांनी सांगितलं, सून कढईला हात लावणार नाही. चाळीस वर्षं गिळून बसले. हिने मागितलं आणि हिला मिळतंय हे बघून माझा जळफळाट झाला. झाला तर झाला. पण त्या पलावासाठीचं गाजर रात्री मी चिरून दिलं होतं. बारा किलो. हे बोट बघा."

बोटावर चीर होती, ताजी.

"काल तुम्ही कुठे होतात?"

"दस्तरखानापाशी. अजान झाली, मी कापड पसरलं, तेवढ्यात भट्टीवाले हमरोकुल बोबो नान घेऊन आले. गरम, हात भाजेल असे. चाळीस मोजून घेतले, मांडले, मग बदाम, मग साखर. उठायला उसंत कुठली?"

"चाळीस? नक्की?"

"मी मोजले म्हणजे चाळीस. चाळीस माणसं, चाळीस नान, एक इकडचा तिकडे नाही. माझी सून भात करपवेल कदाचित, पण माझं मोजणं चुकत नाही."

निघताना बाईंनी विचारलं, "महलियो कशी आहे?"

कुमरी खोलाचा आवाज पहिल्यांदा उतरला. "जेवत नाही. म्हणते, 'उशीर होतोय असं मला आतून वाटत होतं, पण टायमर गप्प होता म्हणून मी पोटाचं ऐकलं नाही.' भरवसा ठेव असं तिला कोणीतरी सांगितलं होतं म्हणे."

ते कोणी सांगितलं होतं, हे दोघींनाही माहीत होतं. बाई चपला घालून निघाल्या.

५. हमरोकुल बोबो

तंदूर गल्लीच्या टोकाला हमरोकुल बोबोंची भट्टी. शेहेचाळीस वर्षं त्यांनी याच भट्टीत नान लावले. बोबो, म्हणजे आजोबा, पंच्याहत्तरीचे, पण ताठ. दाराच्या चौकटीखालून जाताना अजून मान वाकवावी लागे. उजव्या हातात कोपरापर्यंतचा जाड, कापूस भरलेला हातमोजा. तो हात भट्टीत शिरे, बाहेर येई, आणि भट्टीच्या भिंतीला आणखी एक नान चिकटलेला असे.

"कोण, शाहिदा?" त्यांनी विचारलं.

"रुखसोरा, बोबो."

"हां, हां. बाई. उन्हात उभ्या आहात, नीट दिसलं नाही."

बाई सावलीत उभ्या होत्या. त्यांना ते खटकलं, पण तेव्हा त्या दुसऱ्याच विचारात होत्या.

"काल नान तुम्हीच पोचवलेत?"

"मीच. महल्ल्याची परीक्षा होती, माझे नान दुसऱ्याच्या हातून जातील का? अजान झाली, हातमोजा न काढताच चाळीस नानांची टोपली डोक्यावर घेतली, चुलीच्या बाजूने आत शिरलो." बोबोंनी चहा ओतला. पियाल्यापर्यंत पोचण्याआधी थोडा चहा बशीत सांडला. "आणि एक सांगतो, राग मानू नका. तुम्ही पोरांना सगळं शिकवलंत, वीज शिकवलीत, चुंबक शिकवलंत, पण नानाची कदर नाही शिकवली. चुलीजवळच्या पायरीवर एक लहान नान, पालथा. माणसं येतायत जातायत, कोणाला काही नाही. माझ्याच टोपलीतून घरंगळला असेल म्हणा. पण कोणीतरी उचलायला नको?"

"मग?"

"मग काय. उचलला, कपाळाला लावला, वर ठेवला."

बाईंचा पियाला ओठांशी थांबला.

कुमरी खोलाने चाळीस मोजले होते. बोबोंनी चाळीसच आणले होते. टोपलीतून एक घरंगळला असता तर दस्तरखानावर एकोणचाळीस पोचले असते.

आणि त्या कोनाड्यात नान कोणालाच सापडला नव्हता.

६. आणखी एक चाचणी

शनिवारी सकाळी रुखसोराबाईंनी पुन्हा भट्टीवर जाऊन बोबोंना सलाम केला. खरं तर हिशोब जुळला होता. ज्याला बिघडवायचं असतं तो वस्तू फोडतो, लपवतो, कचऱ्यात टाकतो. तिला मानाने उंचावर ठेवत नाही. पडलेल्या कोणत्या वस्तूला आपण उचलून कपाळाला लावतो आणि पायदळी येणार नाही अशा जागी ठेवतो? हा प्रश्न महल्ल्यातल्या पाच वर्षांच्या पोरालाही सोडवता आला असता. बाईंना दोन दिवस लागले याची त्यांना लाज वाटत होती.

पण चाचणी केल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही, हे त्यांनीच चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. बोबो भट्टीत वाकलेले असताना त्यांनी टायमर लावला, उंबऱ्याजवळच्या दगडावर पालथा घातला आणि बाजूला उभ्या राहिल्या. हे करताना त्यांना चोरासारखं वाटलं.

बोबो टोपली घेऊन वळले. दगडापाशी थबकले. जिभेने च्च केलं, टोपली खाली ठेवली, वाकले. जाड हातमोज्यातल्या बोटांना नान आणि प्लॅस्टिक यांतला फरक कळणार नव्हता. त्यांनी टायमर उचलला, उलटा केला, कपाळाला लावला आणि हात लांब करून वरच्या फळीवर ठेवला.

टायमर एकदाच बारीक आवाजात वाजला. थांबला म्हणजे तो तसा वाजत असे. गुरुवारी चाळीस माणसांच्या बोलण्यात तो आवाज बुडाला होता. आज भट्टीवर दोघंच होते.

बोबो वळले. मग त्यांनी हातमोजा काढला आणि उघड्या हाताने फळीवर चाचपलं. बोटं पडद्यावरून फिरली, भोकांच्या रिंगणावरून फिरली, सपाट पाठीवरून फिरली.

"हे ते आहे का?" त्यांनी विचारलं. "पोरीचं?"

बाई खाली ठेवलेली टोपली उचलायला वाकल्या.

"बाई, मी विचारलं."

"हो, बोबो."

बोबो खाली बसले. "दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी धूर वाटायचा. मग धुरासारखंच राहिलं. भट्टी मला हाताने कळते, कणीक बोटांनी कळते, नान झाला की वास सांगतो. म्हटलं कोणाला कळायचं काय कारण? घरी सांगितलं असतं तर भट्टी बंद केली असती. भट्टी नसलेला हमरोकुल कोण, हे मला माहीत नाही."

"मी कोणाला काही सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे यंत्राची परीक्षा आहे, माणसांची नाही."

"आणि ती पोर?"

बाईंनी टायमर पिशवीत घातला. संध्याकाळच्या चहाला वडीलधारे जमणार होते आणि बाहेरच्या आचाऱ्याला निरोप जाणार होता. एकाचं नाव राखायचं तर दुसऱ्याचं जाणार होतं. त्या तशाच घरी आल्या आणि दुपारभर वही उघडी ठेवून बसल्या.

७. चहा

तुतीच्या झाडाखाली सगळे जमले. महलियो कुमरी खोलाच्या मागे उभी होती, मान खाली घालून. आशूर अकांनी झारा मांडीवर आडवा ठेवला होता.

"बाई, तुमचा शोध लागला का?" त्यांनी विचारलं.

"यंत्रात दोष नाही," बाई म्हणाल्या. "महलियोने ते नीट लावलं होतं. कोनाड्यापर्यंत तिचा हात पोचत नाही, हे तुम्हाला दिसतंच आहे. कुमरी खोलाचाही नाही. तुमचा खांदा वर जात नाही."

"मग कोणाचा पोचला?"

बाईंनी वही मिटली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उत्तर येत होतं आणि द्यायचं नव्हतं.

"माझा," दारातून आवाज आला.

हमरोकुल बोबो एकटे आले होते. हातात काठी होती. काठी घेतलेले बोबो महल्ल्याने कधी पाहिले नव्हते. ते ताठ चालत आले आणि मधोमध उभे राहिले.

"मी तो नान समजलो. पालथा होता, म्हणून उताणा केला आणि वर ठेवला. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आता हसून घ्यावं."

कोणी हसलं नाही. बोबोंचा थोरला मुलगा उठायला लागला, त्याला त्यांनी काठीने थांबवलं.

"आणि माफी मागायला मी आलेलो नाही. पोरीची मागतो, तिचं नुकसान झालं. पण केलं त्याची नाही. पायरीवर पालथा नान दिसला, म्हणजे दिसल्यासारखा वाटला, आणि मी पुढे निघून गेलो असतो, तर मी या गल्लीचा नव्हतोच. डोळे गेले तरी तेवढं शिल्लक आहे. पुन्हा दिसला तर पुन्हा उचलीन."

महलियो पुढे आली. "बोबो, तुम्ही कपाळाला लावलात ना माझा टायमर?"

"लावला."

"मग माझं काही नुकसान झालं नाही," ती म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरून त्यांना बसवलं.

आशूर अका इतका वेळ झाऱ्याकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"बाईंनी मला शुक्रवारी एक विचारलं होतं," ते अखेर म्हणाले. "मी चहा पुढे केला. आता सांगतो. मला वास आला होता. पंचवीस मिनिटं झाली तेव्हाच भाताचा वास पुढे आला. मी ओट्यावर बसून होतो, दहा पावलांवर. रीत आहे म्हणून गप्प बसलो असं स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. पोरगी चुकते का ते मला बघायचं होतं." त्यांनी बोबोंकडे मान वळवली. "तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून तुमच्या हातून झालं. मला सगळं कळत होतं."

त्यांनी झारा दोन्ही हातांत घेतला आणि महलियोपुढे धरला. तिला तो घ्यायला जरा वेळ लागला. कुमरी खोलाने तिला मागून ढकललं.

"घे ना. चाळीस वर्षं वाट बघतेय मी," ती म्हणाली, आणि ती नेमकी कोणाबद्दल बोलतेय हे कोणी विचारलं नाही.

"एक अट आहे," महलियो म्हणाली. "उद्या टायमर लावीन, पण माझ्या पोटाने आधी सांगितलं तर मी पोटाचं ऐकीन."

"हे तर मला यंत्राच्या वहीत लिहायला हवं होतं," रुखसोराबाई म्हणाल्या.

८. रविवार

तीनशे पाहुणे होते. बोबोंच्या घरून नानांच्या बारा टोपल्या आल्या. मुलाने भाजलेले, बोबोंनी प्रत्येक नानावर बोटं फिरवून त्यातले सहा परत पाठवले होते. भट्टी मुलाकडे गेली, पण तपासणी त्यांच्याकडे राहिली.

अजान संपली. महलियोने झाकण घातलं, टायमर लावला आणि विचारात पडली. अंगणात तीनशे माणसं, त्यातल्या प्रत्येकाचा हात बोबोंच्याच वळणाचा. पालथी गोल वस्तू पंचवीस मिनिटं कोण तशी राहू देणार?

"माझ्याजवळ ठेव," बोबो म्हणाले.

तिने चुलीपाशी स्टूल ठेवलं, त्यावर बोबोंना बसवलं आणि टायमर त्यांच्या शेजारी पायरीवर पालथा घातला. त्यांनी दोन्ही हात कमरपट्ट्यात खुपसले. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग त्यांचा डावा गुडघा हलायला लागला. कोणीतरी पाहुणा वाकून हात पुढे करू लागला तेव्हा त्यांनी काठी आडवी घातली. "हात लावायचा नाही. मलाही उचलावासा वाटतोय," ते गुरगुरले. आशूर अका दारात पाहुण्यांना मिठ्या मारत होते आणि मधूनच नाक वर करून हवा हुंगत होते.

चोवीस मिनिटं आणि काही सेकंद झाले असतील. महलियो नळावरून स्वतःच आली, हात पुसत. झाकणावर हात ठेवून उभी राहिली. दारात आशूर अकांनी पाहुण्याला अर्धवट सोडून मान वळवली. आणि त्याच क्षणी पायरीवरचा टायमर किंचाळला.

झाकण उचललं गेलं. भाताचा दाणा दाण्याला चिकटलेला नव्हता. आशूर अका आले, झाऱ्याच्या टोकावरून चार दाणे उचलून तोंडात टाकले, आणि काही न बोलता पलीकडच्या महल्ल्यातून आलेल्या आचाऱ्याकडे, जो पाहुणा म्हणून आला होता, असं बघितलं की तो बिचारा खाली बघायला लागला.

बोबोंनी कमरपट्ट्यातून हात काढले, टायमर उचलला, उताणा केला आणि दीर्घ श्वास सोडला.

त्या संध्याकाळी रुखसोराबाईंनी मीरफय्याझसाठी वहीतलं शेवटचं पान लिहिलं. वेळ, दहापैकी दहा. आवाज, दहापैकी दहा. ओल्या हातांनी वापर, दहापैकी नऊ. रचनेसमोर त्यांची लेखणी थोडी अडखळली. मग त्यांनी दहापैकी तीन दिले आणि खाली कारण लिहिलं:

"पालथा घातला की चालतो. आमच्या महल्ल्यात पालथं काही राहत नाही. माणसं बदलणार नाहीत, यंत्र बदल."